चष्मा खिशातच

दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सेक्टरमध्ये कडुनिंबाखाली एक चावीवाला बसतो. त्याचा चष्मा कायम खिशात. जुन्या चावीवरून अंगठा फिरवायचा, नवीवर कानस चालवायची, एक फुंकर मारायची की झाली चावी.

मी घराची डुप्लिकेट करून घेतली. फोनवर बोलता बोलता एक मजला जास्त चढलो आणि कुलूप अगदी अलगद उघडलं. आत वरच्या वहिनी डोक्याला मेंदी लावून बसल्या होत्या. माफी मागून खाली आलो, तर माझ्या दाराला चावी लागेना.

लगेच तक्रार घेऊन गेलो. मी बर्ड फ्लूवर काम करणाऱ्या लॅबमधला माणूस, त्यामुळे तक्रारीचं लेक्चर झालं. त्याला हिंदीत समजावलं की तो विषाणूही स्वतःच्या नकला काढताना असाच चुकतो. बहुतेक चुकलेल्या नकला वाया जातात, पण एखादी पक्ष्याऐवजी मांजराच्या, गायीच्या पेशीत शिरते.

त्याने शांतपणे ऐकलं. "मतलब साहब, वो भी चश्मा नहीं लगाता."

इतक्या वर्षांत मला हे एवढ्या सोप्या शब्दांत सांगता आलं नव्हतं.

माझा मान ठेवायला त्याने चष्मा लावून नवी चावी केली. चुकलेली मी फेकणार, तोच त्याने ती घेऊन मागच्या तारेत ओवली. तिथे तशा पन्नासेक तरी लटकत होत्या.

"इसका तो पता चल गया साहब," तो चष्मा खिशात ठेवत म्हणाला, "बाकी भी कहीं न कहीं लगेंगी."