सरजाबाईंचा तास

एम.एस्सी. माहिती प्रणालीचा नवा अभ्यासक्रम लिहायचं काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात घातलं, तेव्हा मी म्हटलं, त्यात काय एवढं? चार विद्यापीठांचे अभ्यासक्रम समोर ठेवले की झालं. पण एक घटक काही केल्या जमेना: माणसं माहिती मागतात कशी? म्हणून नांदेडहून देगलूरला गेलो आणि तिथल्या एका सरकारी कचेरीत, चौकशीच्या खिडकीमागं तीन दिवस बसलो.

खिडकीवर सरजाबाई होत्या. दहावी पास, तीस वर्षं शिपाई. तेलुगू बोलणाऱ्याशी तेलुगू, कानडीवाल्याशी कानडी. 'कोणता दाखला पाहिजे?' असं त्या कुणाला विचारतच नसत. विचारत, "घरात काय झालंय?" कुणी म्हणे मालक वारले, कुणी म्हणे पोरीला कॉलेजात घालायचंय. एवढं ऐकलं की बाई लागतील ते कागद सांगून मोकळ्या. "सर, माणसाला कागदाचं नाव ठाऊक नसतंय," मला म्हणाल्या. "घरातलं ठाऊक असतंय."

मी वही भरली आणि उत्साहाच्या भरात बोलून बसलो, "बाई, या विषयाचा पहिला तास तुम्हीच घ्यायचा." त्या म्हणाल्या, "रिटायर व्हायच्या आधी एवढं झालं तर लई होईल. माझ्या कामातलं मला कुणी कवा इचारलंच न्हाई."

अभ्यासक्रम समितीच्या बैठकीत त्यांचं नाव वाचून एक तज्ज्ञ हसले. "दहावी पास? रामलिंग सर, थट्टा करताय का?"

तिथं मी शेण खाल्लं. बाईंचं नाव खोडलं आणि पद्धत ठेवली, 'वापरकर्ता-गरज विश्लेषण' असं भारदस्त नाव देऊन. फोन करून त्यांना सांगायचं, तर तेही आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलं.

वर्ग कधी सुरू होणार ते पेपरात वाचून बाई त्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आल्या. नवी साडी, हातात तासाला बोलायच्या चार ओळी लिहिलेला कागद. मी दारातच चाचरलो, "बाई, जरा नियम आडवे आले. मागं बसता का?"

"हाव," म्हणाल्या. कागद पिशवीत घातला आणि शेवटच्या बाकावर बसल्या.

मी तासभर बोललो. पोरं लिहून घेत होती. संपल्यावर बाई पुढं आल्या.

"चांगलं शिकिवलाव, सर. मला मातर काहीच कळलं न्हाई."

ते सगळं त्यांचंच होतं, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.