सकाळी आठची सलाईन

बाबा, राहुकाळाचं मला परत काही सांगू नका. आपलं भांडण लई जुनं हाय. मित्रांनो, तुमीबी वाचा.

काल डॉक्टरीणबाई बाबांना म्हणे, "सूनबाईला कळा यायची सलाईन सकाळी आठलाच लावू, दिवसा आमी सगळे असतो." बाबांनी मला इथं सुरतेला फोन केला. "सोमवार हाय बे, नऊपर्यंत राहुकाळ. थांबू का?"

वाद नको म्हणून मी म्हटलं, "थांबा मग."

नऊनंतर बाई ऑपरेशनमधी अडकल्या. सलाईन संध्याकाळी लागली. रात्री बाळाचे ठोके कमी झाले, तवा एकटी नर्स होती. आज पहाटे पोरगी झाली. रडलीच नाही, जीवच नव्हता.

बायको माझा फोन कापून टाकते. तुमी असता तर बाबांना नाही म्हटलं असतं का?

सुटी शनिवारी भेटन. तवर दवाखान्याचे चार हजार पाठवून राह्यलो.