अष्टमीच्या दुपारची साक्ष

आमच्या वाचनालयात सुधारणेची पत्रके कोणी उघडत नसे. डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांची पाने मात्र बोटांच्या मळाने काळी पडलेली. दर कादंबरीत एक गुप्तहेर विडीच्या राखेवरून खुनी ओळखी, आणि ती वाचून उठलेला प्रत्येक पेन्शनर स्वतःला तोच समजे. मी या पुस्तकांविरुद्ध दोन पानी पत्रक छापून वाटले होते. तेव्हा मी या सर्वांपेक्षा शहाणा, अशी माझी खात्री होती.

एका भर दुपारी वाचनालयातले भिंतीवरचे घड्याळ चोरीला गेले. संशयित लगेच ठरला: खाडीतून माणसे पार नेणारा मुसलमान होडीवाला. त्याचा दोष एवढाच, की तो रोज दारात उभा राहून घड्याळात वेळ पाही.

फौजदारापुढे तिघांनी जबाब दिले: एक निवृत्त शिरस्तेदार, एक शाळामास्तर आणि मी. आधी ओटीवर तासभर बोलून घेतले होते, म्हणून तिघांचेही तंतोतंत जुळले. होडीवाल्याने लुंगीत काहीतरी गुंडाळून होडीत ठेवले आणि तो वल्हवत गेला. मी भर घातली: वल्ह्यावरून गळणारे पाणी उन्हात चकाकत होते.

फौजदार खूष. "वा! डोळ्यांपुढे उभे केलेत!"

होडीवाला कच्च्या कैदेत गेला. शिक्षा झाली तर तुरुंग होताच, होडीचा परवानाही जाणार होता.

खटल्याच्या आदल्या दिवशी त्याची आई वाचनालयाच्या पायरीशी आली. तिला आत ये असे कोणी म्हटले नाही. मीही नाही.

"भाऊ, घड्याळ गेलं तो दिस कुठला?"

"अष्टमी!" शिरस्तेदार आतून ओरडले. "मला तिथी पाठ आहे."

"मग भर दुपारी खाडीत पानी कुठलं? होडी चिखलात बसलेली. वल्हं काय चिखलात मारलान माझ्या पोरानं?"

अष्टमीला दुपारी ओहोटी असते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. राख हुंगणाऱ्या तीन विद्वानांना आणि एका फौजदाराला अख्खी खाडी दिसली नव्हती. ते चकाकणारे पाणी मी खरेच पाहिले होते, पण कुठल्या तरी दुसऱ्याच दिवशी. लुंगीत बहुधा भाकरी होती.

"मग चिखलातून चालत गेला असेल," शिरस्तेदार म्हणाले.

"मी पहिल्यापासून चालतच म्हणतोय," मास्तर म्हणाले.

"जबाबात वल्हवत आहे, मास्तर."

"फौजदाराने चुकीचे लिहिले!"

दुसऱ्या दिवशी मामलेदारांपुढे मी शपथेवर सांगितले, की त्या दुपारी मी काहीही पाहिले नाही.

"मग हे वल्ह्याचे पाणी?"

"रोज पाहतो, साहेब. त्यातले एका दिवसाचे उचलून त्या दिवसाला चिकटवले."

"पत्रके लिहिता ना तुम्ही?" कोर्टात हशा पिकला. त्यांनी मला सर्वांदेखत फैलावर घेतले. बाकीचे दोघे ओहोटीपाशी अडखळले आणि होडीवाला सुटला.

बाहेर मी हात जोडले. त्याने पाहिले नाही. म्हातारी थांबली.

"हात कशाला जोडता? आत सांगितलात तसं बाजारात सांगा. तिथं अजून चोरच म्हणतात त्याला."

मी तसाच बाजारात गेलो. पहिल्याच दुकानदाराने माझे सगळे ऐकून वजनकाटा खाली ठेवला.

"सुटला? कमाल आहे! घड्याळ घेऊन जाताना मी त्याला स्वतः पाहिला, या दोन डोळ्यांनी."