म्हाताऱ्या अँटीव्हायरसची रीतसर चौकशी

आमच्या आतोबांइतका न्यायी माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही, आणि इतका वेळखाऊसुद्धा नाही. कामगार संघटनेची पत्रकं लिहून लिहून माझा हात असा बसलाय की कुणाचं कौतुक करायला घेतलं तरी तिसऱ्या ओळीत निषेध निघतो. म्हणून आधीच सांगून टाकते, या माणसावर माझा जीव होता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे जामखेडकडचे, पण सगळी हयात केडगावात गेली. सूतगिरणीत ते टाईमकीपर होते. कोण किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला, हे तीस वर्षं लिहिलं. नोकरी सुटली तरी लिहिणं सुटलं नाही. दूधवाला, पेपरवाला, गॅसवाला, सगळ्यांची हजेरी आतोबांच्या मस्टरवर. पितृपंधरवड्यात घासाला आलेल्या कावळ्याचीही वेळ त्यांनी लिहिली होती आणि पुढच्या वर्षी तो उशिरा आला तेव्हा मागचं पान काढून आत्याला दाखवलं होतं. मी घरात पाऊल टाकलं की नमस्काराच्या आधी प्रश्न यायचा, "सात मिनटं लेट. कारन?" आणि कारण सांगितल्याशिवाय चहा मिळायचा नाही. कारण पटलं नाही तरी मिळायचा. पण सांगावं लागायचं.

त्या घरात एक संगणक होता, प्रिंटरसकट. माझा आतेभाऊ इंजिनिअरिंगला असताना घेतलेला, तो पुण्याला नोकरीला गेल्यावर मागे राहिलेला. त्यावर आत्याने विणलेलं आच्छादन आणि शेजारी तिचा देव्हारा. आमच्या संघटनेच्या ऑफिसात दोन खुर्च्या आणि एक बॅनर होता, बाकी काही नव्हतं, म्हणून माझं प्रत्येक पत्रक याच संगणकावर जन्माला यायचं. तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की बटण दाबून आतोबा अंघोळीला जायचे, अंघोळ, पूजा, पोहे उरकून यायचे, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र उमटलेलं असायचं. मी संतापायचे. आतोबा म्हणायचे, "अगं, आत झडती चाललीय. गेटवर झडती झाल्याबिगर कुनाला आत सोडत्यात का?"

झडती घ्यायला गडी दोन होते आणि खरा घोटाळा तिथेच होता. पहिला अँटीव्हायरस संगणकाबरोबरच आलेला. त्याची मुदत कधीच संपली होती, पण रोज सकाळी तो लाल अक्षरांत 'तुमचे संरक्षण संपले आहे' असं सांगायला न चुकता हजर व्हायचा. आतोबा त्याला म्हातारा म्हणायचे. दुसऱ्याची निवड स्वतः आतोबांनी केली. मुलाने फोनवरून नाव सुचवलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण माणूस कामावर घ्यायचा तर समोर बसवून बोललं पाहिजे, हा त्यांचा दंडक. ते नगरात जाऊन एका दुकानदारापुढे तासभर बसले. मी बरोबर होते, अजून आठवलं की घाम फुटतो. "ह्यो याआधी कुटं कामाला हुता?" दुकानदार म्हणाला, "काका, हे सॉफ्टवेअर आहे." "ते कळलं. सुट्टी कवा घेतो?" "घेतच नाही." "मंग चिडचिडा आसंल." शेवटी सात-आठ खोक्यांतून त्यांनी सर्वांत साधं उचललं. बाकीच्यांवर शंभर टक्के सुरक्षेची हमी छापलेली होती. "शंभर टक्के काम करनारा मानूस मी उभ्या जन्मात बगितला न्हाई," आतोबा दुकानदाराला म्हणाले, "ह्यो गप हाय. ह्योच द्या." तो झाला नवा. नवा आला म्हणून म्हाताऱ्याला काढायचं असतं हे आतोबांना दुकानदाराने सांगितलं, मुलाने सांगितलं, मी तर हात जोडून सांगितलं. आतोबांनी ते कधी ऐकलंच नाही.

दोघांची हजेरी मस्टरवर वेगवेगळ्या रकान्यात. नव्याने एखादी फाईल संशयावरून पकडली की ती कोठडीत जायची आणि आतोबा स्वतः चौकशीला बसायचे. फाईल कुठून आली, कुणी आणली, आधी कधी पकडली गेली होती का. आतेभावाच्या लग्नाचे फोटो एकदा असे अडकले. आत्या दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी आतोबांनी ते निर्दोष ठरवून सोडवले आणि मस्टरवर लिहिलं, 'संशय निराधार. समज देऊन सोडले.' समज कुणाला दिली, फोटोंना की नव्याला, हे विचारायची माझी छाती झाली नाही. आत्या मात्र सोडायची नाही. स्वयंपाकघरातून ऐकवायची, "घरात दोन-दोन राखणदार, अन् मांजर दुधाचं पातेलं चाटून गेलं. लिव्हा तेबी."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते त्या एका सकाळपर्यंत.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात झाडलोट करणाऱ्या अकरा बायकांना कंत्राटदाराने एका दुपारी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. नोटीस नाही, कारण नाही, कागदाचा चिटोरा नाही. काहीजणी तिथे बारा-बारा वर्षं झाडत होत्या. आम्ही कामगार कार्यालयात तक्रार केली, अकरा वाजताची सुनावणी मिळाली. अकराजणींची म्हणणी मी आठ दिवस त्यांच्या दारात बसून उतरवून घेतली होती आणि टाईप करून पेनड्राईव्हवर ठेवली होती. तो कागद साहेबांपुढे गेला नाही तर पुढची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि त्या बायकांच्या चुली तारखेवर पेटत नाहीत. सकाळी आठला मी छापायला म्हणून आतोबांकडे गेले. आदल्या दिवशी कारखान्याच्या नकाशाची प्रत काढायला मी तो पेनड्राईव्ह झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात घातला होता, तोच इथे लावला. पडद्यावर खण्णकन एक पाटी आली. नव्याने पेनड्राईव्ह पकडला, आणि त्याबरोबर अकराजणींची सगळी म्हणणी कोठडीत. सोडवायला गेले तर म्हातारा जागा झाला आणि नव्यालाच धरून बसला. पडदा अडखळायला लागला. बाण जेमतेम सरकत होता.

आतेभावाला फोन लावला. तो ऑफिसच्या बसमध्ये होता. ओरडून म्हणाला, "ते दोघं एकमेकांना चोर समजतायत! एकाला काढ, लगेच सुटेल!"

मी खुर्ची ओढली. आतोबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"कुनाला काढती?"

"म्हाताऱ्याला. मुदत संपलीय त्याची."

"नोटीस दिली?"

मला वाटलं चेष्टा करतायत. आतोबा चेष्टा करत नव्हते. त्यांनी मस्टरमध्ये जपून ठेवलेलं माझंच पत्रक काढलं आणि चष्मा लावून वाचलं, "एकाही कामगाराला नोटीस आणि सुनावणीशिवाय कमी करता येणार नाही. म्होरं तीन उद्गारचिन्हं हायेत."

"आतोबा, तो कामगार नाही! ते यंत्र आहे! तिकडे अकरा बायका उन्हात उभ्या राहतील आणि तुम्ही इथे..." पुढे मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मी त्यांना हुकूमशहा म्हटलं. नोकरशाहीचं सडकं खोड म्हटलं. आत्या हातातलं लाटणं तसंच घेऊन दारात उभी राहिली.

आतोबा शांतपणे म्हणाले, "यंत्र हाय म्हनून कसंबी काढायचं, अन् मानूस हाय म्हनून नीट काढायचं, आसं हाताला दोन सवई लागत न्हाईत पोरी. येकच लागती. धा मिनटं दे."

त्या दहा मिनिटांत रीतसर चौकशी झाली. पहिला आरोप नव्यावर, की त्याने निरपराध कागद अडवला. आतोबांनी पडद्यावरची पाटी अक्षर अक्षर वाचली आणि माझ्याकडे वळले. "पेनड्राईव्ह कुटं घातला हुता?" मी सांगितलं. "मंग किडा खरा हाय. गड्यानं काम केलंय. चूक तुजी." मी मान खाली घातली. मोर्चात पोलिसांपुढे न घातलेली मान. मग म्हातारा. काम करतो का? नाही, मुदत संपल्यापासून नाही. दुसऱ्याच्या कामात अडथळा आणतो का? आणतो. त्याची बाजू काय? बाजू मांडायला कुणीच नव्हतं, म्हणून आतोबांनीच मांडली. "मुदत संपली तरी रोज येतोय बिचारा. कुनी ये म्हनलं न्हाई, कुनी येऊ नको म्हनलं न्हाई."

आणि मग, पडद्याकडे बघतच, त्यांनी जे सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. गिरणीत अंगठा उमटवायचं यंत्र आलं तेव्हा टाईम ऑफिसची गरज संपली. वरून एक यादी आली, बोर्डावर डकवायची. डकवायचं काम टाईमकीपरचं. आतोबांनी खळ लावली, यादी सरळ आहे ना हे दोन पावलं मागे जाऊन बघितलं, आणि तेव्हा शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव वाचलं. "सायबाची केबिन धा पावलांवर हुती," आतोबा म्हणाले. "धा पावलं."

आत्याने लाटणं खाली ठेवलं. तिलाही हे ठाऊक नसावं. कारण ती एवढंच म्हणाली, "मला म्हनाला हुतास, राजीनामा दिला," आणि पहिल्यांदाच 'अहो' म्हणायला विसरली.

मी घड्याळ बघितलं नाही. आतोबांनी बघितलं. "चल, उशीर हुतोय," म्हणत त्यांनी स्वतः म्हाताऱ्याला काढायचं बटण दाबलं. 'नक्की काढायचे का?' असं यंत्राने विचारलं. आतोबा खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि उभ्यानेच 'हो' म्हणाले. काढण्याचं कारण विचारणारी चौकट आली. तयार कारणं चार-पाच होती, त्यातलं एकही त्यांना पटलं नाही. रिकाम्या जागेत एका बोटाने त्यांनी लिहिलं, 'तक्रार काही नाही. वागणूक चांगली. मुदत संपली.' हिरवी पट्टी सरकत सरकत संपली, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि चमत्कार म्हणजे तो दोन मिनिटांत सुरू झाला. इतकी वर्षं आम्ही ज्याला झडती समजत होतो ते भांडण होतं. नव्याने किडा मारला, कागद सोडला. आम्ही छापला. आतोबांनी स्कूटर काढली आणि मला अकराला पाच कमी असताना कामगार कार्यालयाच्या पायरीशी सोडलं. साहेब पावणेबाराला आले. त्यांना कारण विचारायला आतोबा थांबले नाहीत, हे त्या साहेबांचं नशीब.

आता आतोबा पुण्याला मुलाकडे असतात, सातव्या मजल्यावर. आत्या गेली. तो संगणक भंगारात गेला. माझ्याकडे लॅपटॉप आहे, त्यातला राखणदार आतल्या आत असतो, त्याला कुणी निवडत नाही आणि कुणी काढत नाही. मी पत्रकं अजून लिहिते, उद्गारचिन्हं थोडी कमी झालीयत. फोनवर आतोबा विचारतात, "जेवली का?" सात मिनिटांचा हिशेब आता विचारत नाहीत, आणि मला ते बरं वाटत नाही.

त्या अकराजणींच्या प्रकरणाचा निकाल चार-पाच तारखांनी लागला, तेव्हा आतोबा अजून केडगावातच होते. अकरापैकी आठजणींना परत घेतलं. आम्ही ऑफिसात गुलाल उधळला, मी पेढे घेऊन केडगावला धावत गेले. आतोबांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

"अन् तिघी?"

"त्यांचा प्रश्न पुढे लढणार आहोत आपण."

"ते झालं. त्यास्नी सांगितलं का कुनी?"

"ग्रुपवर टाकलंय रात्रीच."

"तिघींकडं ग्रुप बगायचा फोन हाय?"

मला माहीत नव्हतं. आठ दिवस त्यांच्या दारात बसले होते आणि एवढंही मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आतोबा इस्त्रीचा सदरा घालून स्कूटरवर बसलेले होते. दोघींना कळलं होतं. त्या रडल्या, आम्हाला बोलल्या, आम्ही ऐकून घेतलं. तिसऱ्या जमिलाभाभी. त्यांची खोली पार रेल्वेलाइनच्या पलीकडे. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या पायात चप्पल सरकवत होत्या. आतोबा उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि आडपडदा न ठेवता त्यांना सगळं सांगितलं. तुमचं नाव यादीत नाही, आम्ही सोडणार नाही, पण आज जाऊ नका.

भाभींनी चप्पल परत काढून भिंतीशी ठेवली. मग म्हणाल्या, "बरं झालं भाऊ, आला. शेजारीण म्हणली सगळ्यांना घेतलं. मी निघालेच होते गेटवर. डबा भरलाय."

आम्ही तिघं पायरीवर बसलो. भाभींनी तो डबा उघडला आणि आमच्यापुढे सरकवला. ज्वारीची भाकरी होती आणि मेथी. आतोबांनी नको म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.