मधे अडकलेला आकडा

गल्लीत त्याला सगळे मीटरवाले म्हणतात. वय एक्केचाळीस. गेली चौदा वर्षं तो घरोघरी पाण्याची मीटरं वाचतो. फाटकाजवळच्या खड्ड्याचं लोखंडी झाकण उचलायचं, गुडघे टेकायचे, काचेवरची माती अंगठ्यानं पुसायची आणि घरच्यांना ऐकू जाईल असा आकडा मोठ्यानं म्हणायचा. शेवटची चकती दोन आकड्यांच्या मधे अडकली असेल तर खालचा आकडा धरायचा. नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी हे सांगितलं आणि त्यानं ते कधी मोडलं नाही. चौदा वर्षांत एकाही घरातून कुणी वाकून त्याचा आकडा तपासलेला नव्हता.

त्याचं दुसरं काम गल्लीला माहीत नव्हतं. लग्नाच्या व्हिडिओंच्या दुकानात तो पूर्वी कापाकापी करायचा. त्या हाताच्या जोरावर फुटबॉल संघटनेनं त्याला शनिवार-रविवारी व्हिडिओ खोलीत बसवलं होतं. खोलीला खिडकी नाही. समोर सहा पडदे, शेजारी व्हिडिओ रेफ्री. निर्णय रेफ्रीचा. याचं काम एवढंच, की चित्र मागेपुढे करून नेमक्या फ्रेमवर थांबवायचं. ऑफसाइड ठरवताना पास देणाऱ्याचा बूट चेंडूला टेकला ती फ्रेम लागते. त्या क्षणी पुढचा खेळाडू बचावाच्या पुढे उभा असेल तर गोल रद्द. बूट टेकणं आणि चेंडू सुटणं यांत एखाद्या फ्रेमचा फरक असतो. मीटरवाला नेहमी आधीची फ्रेम धरायचा. हाताला तीच सवय.

घरी हे फक्त बायकोला ठाऊक होतं. सासऱ्यांना सांगितलं होतं की कचेरीत जादा काम असतं. घर सासऱ्यांचं. त्यांनी तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली आणि चाळीस वर्षं गल्लीच्या संघाचा एकही सामना चुकवला नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण या घरातला हा ग्रह सासऱ्यांच्या भोवती फिरायचा.

त्या शनिवारी सामना गल्लीच्याच संघाचा होता. हरले तर खालच्या गटात जाणार. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्यांनी बरोबरीचा गोल केला आणि मैदानावरच्या रेफ्रीनं व्हिडिओ खोलीचं ऐकायला कानाला बोट लावलं.

खोलीत मीटरवाल्यानं चित्र मागे नेलं. आधी नेहमीच्या, बूट टेकल्याच्या फ्रेमवर थांबवलं. खेळाडू बचावाच्या रेषेत होता. गोल होता. मग त्याच्या मनात आलं, हा आपला संघ आहे. उद्या कळलं की आपण कुठे राहतो, तर लोक म्हणतील, घरचाच माणूस बसवला होता. त्यानं कळ एकदा पुढे दाबली. चेंडू बुटापासून सुटला होता आणि खेळाडूचा खांदा रेषेच्या पुढे आला होता. शेजारच्या रेफ्रीनं विचारलं, "हीच?" तो म्हणाला, "हीच."

गोल रद्द झाला. संघ खाली गेला.

रविवारी बातमी आली की त्या सामन्यात कडेनं झेंडा दाखवणाऱ्या लाइन्समनच्या घराची काच कुणीतरी फोडली. लाइन्समनची आई खिडकीजवळ बसली होती, तिच्या कपाळाला तीन टाके पडले. बायकोनं बातमी वाचून दाखवली नाही, फक्त वर्तमानपत्र त्याच्यासमोर ठेवलं आणि खिडकीजवळची खाट आतल्या भिंतीला सरकवली.

सोमवारी तो फेरीला निघाला तेव्हा प्रत्येक फाटकात तोच विषय होता. औषधांच्या दुकानवालीचं म्हणणं होतं की यंत्र आलं तेव्हापासून आनंदसुद्धा परवानगी काढून करावा लागतो. एका घरातले दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, कारण धाकट्याला ऑफसाइड दिसला होता. मीटरवाला मान हलवत होता. बेल वाजवण्याआधी त्याचं बोट थांबायचं. सहाव्या घरी त्यानं आकडा चुकीचा लिहिला, खोडला आणि पेन्सिल खिशात टाकली.

संध्याकाळी सगळे सायकलवाल्याच्या दुकानात जमायचे. तिथं सासऱ्यांनी मोबाइलवर दोन तुकडे शेजारी शेजारी लावले होते. एक शनिवारचा, दुसरा दीड महिन्यापूर्वीचा, ज्यात समोरच्या संघाला असाच गोल मिळाला होता. तिकिटं मोजलेल्या माणसाच्या चिकाटीनं त्यांनी फ्रेमा मोजल्या होत्या. त्या वेळी चित्र थांबवलं होतं बूट टेकताना, आणि शनिवारी चेंडू सुटल्यावर. सायकलवाला म्हणत होता की रेफ्री विकला गेलाय. दुसरा कुणी म्हणाला, डोळे तपासा त्याचे. सासऱ्यांनी दोघांनाही गप्प केलं.

"रेफ्रीला काय दिसतं? जे थांबवून दाखवतात तेच. थांबवणारा कोण ते शोधा."

कोपऱ्यातल्या स्टुलावर वेल्डर बसला होता. त्यानं सांगितलं की मैदानावर वायरिंगचं काम करणारा त्याच्या ओळखीचा आहे, गुरुवारपर्यंत नाव मिळेल. सायकलवाल्यानं विचारलं, नाव घेऊन काय करणार, आरती ओवाळणार? वेल्डर म्हणाला, "काच बसवणाऱ्याचा धंदा वाढवीन. लाइन्समनच्या वेळी वाढवलाच होता की." दोघंतिघं हसले. म्हातारीच्या टाक्यांचा विषय कुणी काढला नाही.

मीटरवाला शटरला पाठ लावून उभा होता. सासऱ्यांनी वळून विचारलं, "जावईबापू, तुम्ही आकड्यांतले. चकती मधे अडकली तर कुठला आकडा धरता?"

"खालचा."

"नेहमी?"

"नेहमी."

"बघा," सासरे बाकीच्यांना म्हणाले. "साधं पाण्याचं मीटर, तरी नियम एकच."

गल्लीच्या मंडळातर्फे संघटनेला तक्रारीचं पत्र द्यायचं ठरलं. सासऱ्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून मजकूर जावयानं लिहायचा. मंगळवारी जेवणाआधी तो टेबलाशी बसला. दोन्ही सामन्यांच्या तारखा लिहिल्या, मिनिटं लिहिली. मग नेमकी चूक काय झाली ते लिहिण्याची वेळ आली आणि चौदा वर्षांची सवय आडवी आली. चुकीचा आकडा त्याच्या हातून कागदावर राहत नाही. त्यानं लिहिलं: 'शनिवारी चित्र प्रथम योग्य फ्रेमवर थांबवण्यात आले होते व त्यानंतर एक फ्रेम पुढे नेण्यात आले.'

सासऱ्यांनी चष्मा लावून पत्र वाचलं. एकदा वाचलं, मग त्या ओळीवर नख ठेवून पुन्हा वाचलं. टीव्हीवर फक्त शेवटचं थांबलेलं चित्र दाखवलं होतं. आधी कुठं थांबवलं, हे त्या खोलीबाहेर कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं.

"हे आमच्यापैकी कुणी सांगितलं नव्हतं," सासरे म्हणाले.

स्वयंपाकघरात बायकोनं नळ बंद केला. सासरे नख उचलत नव्हते.

"का नेलंत पुढे?"

"आपला संघ होता म्हणून."

"आपला होता म्हणून पाडलात?"

"आपला होता म्हणून भ्यालो, बाबा."

म्हाताऱ्यानं पत्राची घडी घातली. खोडायला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की ओळ खरी आहे, राहू दे, आणि खाली मंडळाची नको, स्वतःची सही करा. "वेल्डरला गुरुवारी दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा उद्या तुमच्याकडून कळू दे. मी येतो बरोबर." बायको दारात येऊन उभी राहिली आणि वडिलांना म्हणाली, तुम्ही याला मारायला नेताय. वडील म्हणाले, लपलेला माणूस जास्त मार खातो.

बुधवारी सायकलवाल्याच्या दुकानात पत्र सासऱ्यांनी वाचलं. सहीचं नाव त्यांनी तिकीट फाडावं तसं, न थांबता उच्चारलं. हवा भरायचा पंप चालू होता, सायकलवाल्यानं तो बंद केला. औषधांच्या दुकानवालीनं मीटरवाल्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. सासरे त्याच्या आणि वेल्डरच्या स्टुलाच्या मधे उभे होते. कुणी तरी मागून एक घाणेरडी शिवी दिली, ती सासऱ्यांनाही लागू होती. वेल्डर उठला. त्यानं एकच विचारलं.

"बटण दाबलं नसतं तर गोल होता?"

"होता," मीटरवाला म्हणाला.

वेल्डर निघून गेला. ते आरडाओरड्यापेक्षा वाईट होतं. त्या दिवसापासून घरात खिडकीच्या बाजूला कुणी बसत नाही. बायकोनं फळ्या मागवल्या, सासऱ्यांनी परत पाठवल्या. पत्र संघटनेला गेलं. व्हिडिओ खोलीतली खुर्ची दोन ओळींच्या उत्तरानं गेली. सामन्याचा निकाल मात्र बदलत नसतो, हेही त्याच उत्तरात होतं.

शुक्रवारच्या यादीत वेल्डरचं घर होतं. फेरी बदलून मागता आली असती. त्यानं मागितली नाही, कारण पुढच्या महिन्यात ते घर पुन्हा यादीत येणारच होतं. बेल वाजवल्यावर वेल्डरनं स्वतः दार उघडलं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. हातात कामाचे जाड मोजे होते. मीटरवाल्यानं झाकण उचललं आणि गुडघे टेकले. मीटर वाचताना माणसाची मान खड्ड्यात असते आणि पाठ उघडी. वेल्डर मागे येऊन उभा राहिला. त्याची सावली काचेवर पडली आणि आकडे दिसेनात. मीटरवाल्याला सावली हलवायला सांगता येईना. त्यानं टॉर्च लावला. अंगठ्यानं माती पुसली. शेवटची चकती चार आणि पाचच्या मधे होती.

"तीन हजार दोनशे चौदा," तो मोठ्यानं म्हणाला.

"सरक," वेल्डर म्हणाला.

मीटरवाला गुडघ्यांवरच बाजूला झाला. वेल्डरनं मोजे काढून जमिनीवर ठेवले, त्याच्या शेजारी गुडघे टेकले आणि खड्ड्यात वाकून आकडा वाचला. बराच वेळ लागला त्याला. मग उठला, मोजे उचलले.

"चौदा," तो म्हणाला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

शेजारच्या फाटकात दोघे भाऊ उभे राहून बघत होते. मीटरवाला तिथं पोचला तेव्हा धाकट्यानं झाकण आधीच उघडून ठेवलं होतं, आणि थोरला टॉर्च घेऊन खड्ड्याशी बसला होता.