मेश्राम काकांचा युजर

मागच्या बुधवारी मोहाडीच्या एका राईस मिलमध्ये होतो. काम साधंच... सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपची लायसन्स टाकायची. मिलची काही माणसं घरून नाहीतर गोडाऊनवरून सर्व्हरवर काम करतात, त्यातल्या प्रत्येकाच्या नावाचा हा एक परवाना.

सर्व्हर मीच बसवला होता. सुरुवातीचे काही महिने लायसन्सशिवाय चालतं, मग मुदत संपते आणि कुणालाच आत शिरता येत नाही. भरडाईचा सीझन ऐन भरात, बाहेर धानाचे ट्रक उभे आणि मुदत दुसऱ्याच दिवशी संपणार. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली जुनी सवय, शेठ तरी त्याला अपवाद कसे असतील.

लायसन्स घेतली पाच आणि युजर निघाले सहा. कुणाचं कमी करू, असं शेठना विचारलं.

"मेश्राम काकाचं काढून टाका नं," ते म्हणाले. "काका तं गेले आता."

काका मिलचे जुने हिशेबनीस. आजारपणात वरठीच्या घरूनच काम करायचे, ते कनेक्शनही मीच जोडून दिलं होतं. त्यांना जाऊन महिना झाला असेल... पुण्यानुमोदनाला मी जाऊन आलो होतो.

काढायला म्हणून त्यांचं नाव उघडलं आणि हात थांबला. काकांचा युजर चालू होता.

आता असं होतं कधी कधी. माणूस नुसती विंडो बंद करतो, साइन आउट करत नाही, आणि आतलं काम तसंच उघडं राहतं. पण मग नावापुढे 'डिस्कनेक्टेड' दिसतं. इथे 'अॅक्टिव्ह' होतं... म्हणजे दुसऱ्या टोकाला आत्ता, या घडीला, कुणीतरी जोडलेलं होतं.

सर्व्हरवरून दुसऱ्याची स्क्रीन बघता येते. बघितली. भरडाईच्या हिशेबाची शीट उघडी, शेवटच्या ओळीत ट्रकचा नंबर अर्धाच लिहिलेला आणि त्याच्यापुढे कर्सर लुकलुकतोय. मी शेठना जवळ बोलावलं, आणि तेवढ्यात माऊसचा बाण हलला.

थोडा डावीकडे... थोडा उजवीकडे... आणि थांबला.

भर दुपार, बाहेर मिलची घरघर, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा. शेठ हळूच म्हणाले, "काकाची हेच सवय होती भाऊ. लिहाच्या आधी असाच घोळवत माऊस." हे त्यांनी त्या वेळी सांगायची खरंच गरज नव्हती. आम्ही दोघांनी एकदमच कोपऱ्यातल्या काकांच्या खुर्चीकडे बघितलं. तिच्यावर त्यांचा खांद्यावरचा दुपट्टा अजून तसाच होता.

हॅकर-बिकर असेल, असं मी मोठ्याने बोललो... शेठपेक्षा स्वतःलाच ऐकवायला. पण चोर शिरला की काहीतरी उघडतो, उचलतो. इथे कुणी एका अक्षरालाही हात लावत नव्हतं. बऱ्याच वेळाने बाण परत हलला. डावीकडे, उजवीकडे, बस.

एका क्लिकचं काम होतं, पण धजलो नाही. गाडी काढली आणि वरठी गाठली.

दार काकूंनी उघडलं. पुढच्याच खोलीत कॉम्प्युटर चालू... तीच शीट, तोच अर्धा नंबर. समोरची खुर्ची रिकामी. मी बसलो, काकूंनी पाणी दिलं, आणि आत मोबाईलचा गजर वाजला. त्या उठल्या, पदराला हात पुसले, उभ्यानेच माऊस धरून थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे केला आणि परत येऊन बसल्या.

मी काही विचारायच्या आधी त्याच बोलल्या.

"दवाखान्यात नेऊन राहिलो होतो तवा म्हणाले, बंद नोको करजो, मी येऊनच राहिलो. हात नाही लावला तं लॉक पडते, मंग पासवर्ड लागते. थो तं त्यायलेच मालूम होता."

दिवसा काकू, रात्री सून. लाइट गेली तर इन्व्हर्टर होताच. महिनाभर त्या घरात त्या स्क्रीनला कुणी झोपू दिलं नव्हतं.

मी भुताच्या भीतीने आलो होतो. आता त्याहून मोठी भीती वाटली, कारण ते बंद करायला आलेला माणूस मीच होतो. लायसन्स टाकल्यावर सर्व्हर एकदा बंद करून सुरू करायचा होता, त्यातून सुटका नव्हती. सांगितलं कसंबसं. नाही केलं तर उद्या मिलचं सगळं काम अडेल, हेही सांगितलं.

काकूंनी स्क्रीनकडे बघितलं. "मिल अडली तं थे माझ्यावरच रागावतीन," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण बाबू, तिकडून नोको करू. इथूनच करू."

अर्ध्या नंबरासकट शीट सेव्ह केली. साइन आउट कुठे असतं ते दाखवलं आणि माऊस त्यांच्या हातात दिला. दाबलं त्यांनीच. स्क्रीन काळी झाली आणि त्या काळ्यात त्यांचाच चेहरा दिसायला लागला.

"आले तं कुठं बसतीन?" त्या म्हणाल्या. मला की त्या स्क्रीनला, कुणास ठाऊक.

मिलमध्ये परत आलो, पाच नावांना पाच लायसन्स दिली, सर्व्हर बंद करून सुरू केला. सगळे जोडले गेले. काकांचा युजर मात्र मी डिलीट केला नाही, डिसेबल केला... म्हणजे नाव राहतं, फक्त आत शिरता येत नाही. तशा युजरला लायसन्स लागत नाही, म्हणून शेठनाही काही विचारलं नाही.

संध्याकाळी काकूंना फोन करून सांगितलं, नाव तिथेच आहे. आले तर मला फक्त एक टिक काढायची आहे. "बरं केलं बाबू," एवढंच म्हणाल्या.

फोन ठेवता ठेवता मागे तोच गजर वाजला... आणि काकू उठल्याचं ऐकू आलं. आता तो बंद करून टाका, हे सांगणं काही माझ्याच्याने झालं नाही.