पाहुण्यासाठी निवडलेला ढीग

साजगावच्या कारखान्यात ठकूबाईनं अकरा वर्षं भंगार निवडलं. जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची फुटकी पातेली, पंख्यांची पाती, मोटारींचे पिस्टन असलं सगळं वितळवून तिथं पंपाची झाकणं ओतायचे. बोल्ट, खिळा, काय लोखंडाचं सापडेल ते बायांनी वेचून काढायचं. जर्मनमध्ये लोखंड जास्त गेलं की झाकण ठिसूळ होतं, हातोडीच्या एका टोल्यात दोन तुकडे! नवरा गेल्यावर ठकूबाईचं घर या ढिगानंच चालवलं. शेजारी बसणारी सोनुबाई तर तिची जिवाभावाची.

शहाऐंशी साली मुंबईहून कमळाकरसाहेब आले. शेठ म्हणाले, "हे कॉम्प्युटरवर धातू ओतून बघतात."

आता बोला! ठकूबाईनं साहेबांना वरून खालून न्याहाळलं. हातात नुसती वही.

"सायेब, जाळ कुठं लावता वो?"

"जाळ नाही, बाई. भंगारात काय काय आहे त्याचे आकडे द्यायचे. कशात काय मिसळलं तर झाकण चिवट होईल, ते कॉम्प्युटर आधीच सांगतो."

"न ओतताच?"

"न ओतताच."

तिच्या डोक्यात काही म्हणता काही शिरेना. एवढंच कळलं, की उद्या साहेब ढिगातला नमुना नेणार. म्हणजे परका माणूस आपला ढीग बघणार! बाई तासभर आधी आली, सोनुबाईलाही ओढून आणलं. दोघींनी तांदूळ निवडावे तसा ढीग निवडला, पातेली धुऊनसुद्धा ठेवली. रोजच्या घाईत एवढं कोण करतंय? साहेब खूश होऊन नमुना घेऊन गेले.

महिन्यानं ते कडेला भोकं असलेला लांबच लांब कागद घेऊन आले. त्या मापानं रोजच्या भंगारातून झाकणं ओतली. पहिलं एकाच टोल्याला फुटलं. दुसरं, तिसरं, तेच.

"हे खूळ पुन्हा गेटात नको," शेठ कडाडले. बायांना हायसं वाटलं. कॉम्प्युटर आला तर आपलं काय, ही धास्ती सगळ्यांनाच होती. ठकूबाईलाही होती. पण साहेब कागदावर बोट फिरवत पुटपुटत होते, "चुकलं कुठं माझं?" तिला ते बघवेना.

"सायेब, तुमचं नाय चुकलं," ती बोलून गेली. "तुमी येनार म्हनून त्यो ढीग आमी साफ केला व्हता. रोजचा तसा नसतो."

साहेब ताडकन उठले. बायांनी हात न लावलेल्या ढिगाचा नमुना त्यांनी स्वतः भरून नेला. पुढच्या खेपेला नवा कागद आला. भंगार न निवडताच वितळवलं, वर लोखंडाचा ठिसूळपणा मारायला मँगेनीज म्हणून काहीतरी मापानं घातलं. दहा टोले घातले तरी झाकण तडकलं नाही.

शेठचा चेहरा फुलला. "मग निवडायला सहा बाया कशाला? मोठे बोल्ट काढायला एक पुरे. ठकूबाई, खरं बोललीस, तूच राहा."

सोनुबाईनं डबा उचलला. गेटापर्यंत जाऊन ती परत फिरली.

"ठके, तुला कुनी इचारलं व्हतं गं?"

सोनुबाई गेली, आणि ठकूबाई एकटीच ढिगापाशी बसली. खरंच, विचारलं तर कुणीच नव्हतं.